चंद्रमातीची ताकद कशी मोजायची: खान्देशातल्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कुठंही थोडं खोल खणलं, तर तापीकाठचा गाळाचा पट्टा सोडून बहुतेक ठिकाणी काळा दगड लागतो. तो बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पौर्णिमेच्या चंद्रावर दिसणारे काळसर डागही बेसाल्टचेच आहेत, फक्त तो बहुतांश ३०० कोटी वर्षांहून जुना. त्यामुळे चंद्रमातीची नक्कल करून तिच्यावर प्रयोग करायला खान्देशातल्या विद्यार्थ्याला कच्चा माल परदेशातून मागवायची गरज नाही. गावाबाहेरच्या खडी क्रशरवर तो ढिगाने पडलेला असतो.

हा लेख सिव्हिल किंवा मेकॅनिकलला असलेल्या, रोव्हरच्या स्पर्धेसाठी मातीचा हौद बनवू पाहणाऱ्या किंवा नुसत्या उत्सुकतेपोटी या विषयाकडे वळलेल्या मुलामुलींसाठी आहे. लागणारी बहुतेक साधनं कुठल्याही अभियांत्रिकी कॉलेजच्या माती प्रयोगशाळेत असतात. शिअर बॉक्स, म्हणजे मातीचा नमुना आडवा सरकवून तो किती जोराला तुटतो ते मोजणारी दोन भागांची पेटी, चालवायला अर्ध्या तासात शिकता येतं. खरी परीक्षा त्याच्या आधी असते, पेटीत माती किती कोरडी आणि किती घट्ट भरली इथं. घनता न सांगता दिलेला घर्षणकोन (वरचा दाब वाढेल तशी मातीची ताकद किती वाढते ते सांगणारा कोन) निरुपयोगी आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून या लेखाचा निम्मा भाग माती तयार करण्यावर आणि भरण्यावर आहे.

आधी चंद्रावरचे आकडे

माणूस उतरण्याआधी चंद्रावर धुळीचा इतका जाड थर असेल की यान त्यात बुडेल, अशी भीती काही शास्त्रज्ञांना वाटत होती. १९६६ साली सोव्हिएत युनियनचं लुना ९ आणि अमेरिकेचं सर्व्हेयर १ ही यानं अलगद उतरली आणि बुडाली नाहीत. पुढच्या वर्षी सर्व्हेयर ३ ने छोट्या खोऱ्याने चर खणून पाहिले. १९६९ ते १९७२ या काळात अपोलोच्या सहा मोहिमांनी ३८२ किलो दगडमाती आणली. अपोलो १५ आणि १६ च्या अंतराळवीरांनी तर मातीत शंकू दाबून तिचा विरोध जागेवरच नोंदवला. आज आपण ज्या आकड्यांशी तुलना करतो, ते या सगळ्या कामातून आलेले आहेत.

एवढे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कणांचा मध्यम आकार साधारण ७० मायक्रॉन, म्हणजे निम्मी माती ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून खाली जाते. कणांचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे ते पाण्याच्या किती पट जड आहेत ते, सुमारे ३.१. वरच्या १५ सेंटिमीटरची सरासरी घनता १.५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, आणि वरचे ६० सेंटिमीटर एकत्र धरले तर १.६६. सापेक्ष घनता (सगळ्यात सैल आणि सगळ्यात घट्ट यांच्यामध्ये माती कुठं आहे त्याचं माप) वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये ६५ टक्क्यांच्या आसपास, तर ३० सेंटिमीटरच्या खाली ९० टक्क्यांच्या घरात. अंतर्गत घर्षणकोन ३० ते ५० अंश. संसक्ती, म्हणजे दाब नसतानाही कणांची एकमेकांना धरून राहण्याची ताकद, फक्त ०.१ ते १ किलोपास्कल.

यातले शेवटचे दोन आकडे डोक्यात पक्के बसू द्या. बझ ऑल्ड्रिनच्या बुटाचा ठसा कडा न ढासळता उभा राहिला तो एवढ्याशा संसक्तीवर आणि कणांच्या कोनेदारपणावर. चंद्रावर वारा नाही, पाणी नाही, त्यामुळे कण घासून गोल होत नाहीत. उल्का आदळून फुटलेले, वितळून एकमेकांना चिकटलेले, काचेचे दातेरी तुकडे तिथं भरपूर आहेत.

दगड निवडणं

क्रशरवर गेलात की ‘डस्ट’ मागा. काही ठिकाणी तिला कच म्हणतात. धुतलेली क्रश सँड घेऊ नका, कारण आपल्याला हवी असलेली बारीक भुकटी धुण्यातच निघून जाते. तुम्हाला ब्रासच्या हिशेबाने माल लागत नाही, दोन गोण्या पुष्कळ झाल्या. शिअर बॉक्सच्या चाचण्यांना दहा-पंधरा किलो पुरतात, पण बादलीतल्या शंकूच्या चाचणीला एका वेळी ३० किलोच्या वर माती लागते.

ढिगाच्या वरची डस्ट भरू नका. तिच्यात वाऱ्याने उडून आलेली शेतातली काळी माती मिसळलेली असते आणि त्या मातीतली चिकणमातीची खनिजं हवेतला ओलावा धरून ठेवतात. कापसाला तीच गोष्ट मानवते, आपल्या प्रयोगाला मात्र ती घातक आहे. वरचा हातभर थर बाजूला करा आणि ढिगाच्या चार-पाच ठिकाणांहून थोडी थोडी घ्या. ओतताना जाड कण घरंगळत पायथ्याशी जातात, म्हणून एकाच जागेची डस्ट कधीच सगळ्या ढिगासारखी नसते.

यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे खदानीतून ताजा फुटलेला दगड आणून तो स्वतः दळणं. धुळे-नंदुरबारकडे बेसाल्टच्या थरांना छेदून वर आलेल्या लांबच लांब भिंतींसारख्या दगडी रांगा दिसतात. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. त्यातला दगड सहसा घट्ट आणि पोकळ्या नसलेला असतो, त्यामुळे शक्य असेल तर तोच निवडा. इतर ठिकाणच्या दगडात पांढरे ठिपके दिसले तर सावध व्हा. ती झिओलाइट किंवा कॅल्साइटसारखी खनिजं, म्हणजे पाणी झिरपल्याची खूण, आणि चंद्रावरच्या बेसाल्टमध्ये ती सापडत नाहीत. ठिपक्यावर विरळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाका. बुडबुडे येऊन फसफसलं तर कॅल्साइट आहे. तांबूस, मुरमाड किंवा हाताने चुरणारा दगडही सोडून द्या.

लोणारचा दगड आणावा असं अनेकांच्या मनात येतं, कारण ते विवर बेसाल्टमध्ये उल्का आदळूनच झालंय आणि जळगावहून फार लांबही नाही. पण लोणार हे अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही. तिथून एक खडाही उचलू नका. जाऊन पाहून मात्र जरूर या.

बेसाल्टची भुकटी चंद्राच्या काळ्या सपाट भागांशी जुळते, उजळ डोंगराळ भागांशी नाही. डोंगराळ भागातला मुख्य दगड अनॉर्थोसाइट. चांद्रयान ३ ज्या भागात २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं, तो याच प्रकारचा. इस्रोने आपल्या चाचण्यांसाठी तमिळनाडूतल्या सेलम परिसरातल्या सित्तमपुंडीचा अनॉर्थोसाइट वापरला आणि त्यापासून माती बनवण्याच्या पद्धतीचं पेटंटही मिळवलं. अमेरिकेची जेएससी-१ ही माती ॲरिझोनातल्या ज्वालामुखीच्या राखेची होती, कारण त्या राखेत काच भरपूर. आपल्या दळलेल्या दगडात ती काच जवळजवळ नसते. अहवालात हे स्पष्ट लिहायचं. ताकदीच्या चाचण्यांपुरतं पाहिलं तर खनिजापेक्षा कणांचा आकार, कोनेदारपणा आणि घनता यांचाच प्रभाव जास्त पडतो, त्यामुळे खान्देशी बेसाल्टवर केलेलं काम वाया जात नाही.

दळणं आणि चाळणं

क्रशरच्या डस्टमध्ये ७५ मायक्रॉनखालचा माल आपल्याला हवा त्याच्या निम्माही नसतो. बॉल मिल असेल तर उत्तमच. नसेल तर सिव्हिलच्या लॅबमधलं, खडीची झीज तपासायचं लॉस अँजेलिस यंत्र वापरा. त्या ड्रममध्ये लोखंडी गोळे असतात आणि डस्ट घालून फिरवत ठेवली की ती छान बारीक होते. झाकणाची फट कापडाने बंद करा, नाहीतर सगळी भुकटी खोलीभर होईल.

आधी एन-९५ मास्क आणि मग ड्रमचं बटण, हा क्रम कधीही बदलू नका. इतकी बारीक दगडी धूळ फुप्फुसात खोलवर जाते आणि साधा रुमाल तिला अडवत नाही. अपोलो १७ चे हॅरिसन श्मिट यांना यानात शिरलेल्या चंद्रधुळीने सर्दी-शिंकांचा त्रास झाला होता. चाळताना आणि ओतताना पंखा बंद ठेवावा लागतो. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पंख्याशिवाय दुपारी काम करणं जिवावर येतं, म्हणून हे काम सकाळी सातच्या आत उरका.

मग माल ४ गटांत चाळून वेगळा करा. एक किलो मिश्रणासाठी माझं सुरुवातीचं प्रमाण असं आहे: १ मिलिमीटर ते ३०० मायक्रॉन १७० ग्रॅम, ३०० ते १५० मायक्रॉन १५० ग्रॅम, १५० ते ७५ मायक्रॉन १६० ग्रॅम आणि ७५ च्या खालचा ५२० ग्रॅम. एक मिलिमीटरहून जाड कण मी घेत नाही, कारण शिअर बॉक्समधला नमुना जेमतेम २५ मिलिमीटर उंच असतो आणि जाड खडा मध्ये अडकला की आकडा बिघडतो.

कोरड्या चाळणीवर एक फसगत होते. ७५ मायक्रॉनखालची भुकटी जाड कणांना चिकटून वरच राहते, आणि आपल्याला वाटतं बारीक माल कमी आहे. म्हणून मिश्रणातला १०० ग्रॅमचा वेगळा नमुना घ्या, ७५ च्या चाळणीवर पाण्याने धुवा, वर राहिलेलं वाळवून तोला. खरं प्रमाण तेव्हा कळतं. त्याहून बारीक कणांची विभागणी हवी असेल तर हायड्रोमीटर (कण पाण्यात किती वेगाने खाली बसतात त्यावरून आकार काढणारं साधन) लावा. पाण्यात गेलेला नमुना पुन्हा मुख्य साठ्यात टाकू नका.

गोणी उचलून नेली, गाडीत हादरे बसले की जाड-बारीक पुन्हा वेगळं होतं. प्रत्येक चाचणीआधी माल प्लास्टिकच्या कागदावर ओतून उलथापालथ करा, ढीग चपटा करून ४ भाग पाडा आणि समोरासमोरचे २ भाग घ्या. चार पाच मिनिटांचं काम आहे, पण अनेकजण हेच टाळतात.

वाळवणं

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला तरी उन्हात वाळवलेली भुकटी आपल्या कामापुरती कोरडी नसते. ओव्हनमध्ये १०५ ते ११० अंशांवर, पसरट ट्रेमध्ये दोन बोटं जाडीचा थर करून, २४ तास ठेवा. बाहेर काढून तोला, पुन्हा दोन तास ठेवून तोला. वजन बदललं नाही तर झालं. गरम असतानाच हवाबंद स्टीलच्या डब्यात भरा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

एवढी काळजी कशासाठी, तर दोन कणांच्या मध्ये पाण्याचा नुसता पापुद्रा असला तरी तो त्यांना ओढून धरतो. ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो तो याच ओढीवर. चंद्रमातीची खरी संसक्ती १ किलोपास्कलच्याही आत असते, आणि थोड्याशा ओलाव्याने येणारी खोटी संसक्ती तिला सहज झाकून टाकते. तुमच्या चाचणीत संसक्ती ४-५ किलोपास्कल आली तर आनंदून जाऊ नका, आधी ओलावा तपासा. प्रत्येक चाचणीनंतर पेटीतली थोडी माती तोलून, वाळवून ओलाव्याचं प्रमाण नोंदवा. ०.१ टक्क्याच्या वर गेलं तर मी तो निकाल धरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उघडी ठेवलेली भुकटी पाहता पाहता ओलावा घेते, म्हणून ज्यांना वेळ निवडता येतो त्यांनी हे प्रयोग मार्च ते मे या काळात करावेत. खान्देशचा कोरडा उन्हाळा इथं आपल्या बाजूने असतो.

विशिष्ट गुरुत्व

५० मिलिलिटरची घनता बाटली घ्या. समजा रिकामी बाटली ३०.०० ग्रॅम, कोरडी भुकटी टाकल्यावर ४५.०० ग्रॅम. आता निम्मं पाणी घालून व्हॅक्यूमखाली बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत हवा काढा, मग बाटली काठोकाठ भरून तोला: ८९.९२ ग्रॅम. नुसत्या पाण्याने भरलेली तीच बाटली ८०.०० ग्रॅम. भुकटीचं वजन १५.०० ग्रॅम. तिने बाजूला सारलेलं पाणी म्हणजे ८०.०० अधिक १५.०० वजा ८९.९२, अर्थात ५.०८ ग्रॅम. १५.०० भागिले ५.०८ म्हणजे २.९५. ताज्या बेसाल्टसाठी हा आकडा पटण्यासारखा आहे. २.८ च्या खाली आला तर हवा अडकलीय किंवा दगड कुजका आहे.

सगळ्यात सैल आणि सगळ्यात घट्ट

आता मुख्य कामाकडे येऊ. पायलीने धान्य मोजताना अलगद ओतलं तर कमी मावतं, आपटून ठोकून भरलं तर जास्त मावतं, हे खान्देशात कुणालाच सांगायला नको. मातीचंही तसंच आहे आणि सापेक्ष घनता म्हणजे या दोन टोकांच्या मध्ये आपण नेमके कुठं आहोत त्याचं माप.

सैल टोकासाठी १००० घनसेंटिमीटरचा प्रॉक्टरचा साचा घ्या. नरसाळ्याची नळी साच्याच्या तळाशी टेकवा, भुकटी भरा आणि नळी गोल गोल फिरवत इतकी हळू वर घ्या की माती पडू नये, नुसती सांडत राहावी. काठाच्या वर आलेला माल सरळ पट्टीने एकाच फटक्यात काढा. टेबलाला धक्का लागला तर पुन्हा पहिल्यापासून. घट्ट टोकासाठी तोच साचा थराथराने भरा, वर वजनी चकती ठेवा आणि कंपन टेबलावर, किंवा बाजूने रबरी हातोडीने ठोकत, उंची कमी होणं पूर्ण थांबेपर्यंत हलवा. बारीक भुकटीत हवा अडकून राहते, त्यामुळे घाई चालत नाही.

मातीच्या चाचण्यांच्या आयएस २७२० या भारतीय मानकाच्या १४ व्या भागातली सापेक्ष घनतेची पद्धत ७५ मायक्रॉनखालचा माल १२ टक्क्यांपर्यंत असलेल्या मातीसाठी आहे. आपल्या मिश्रणात तो निम्मा आहे. पद्धत तीच वापरा, पण अहवालात ही गोष्ट लपवू नका, आणि प्रत्येक टोक किमान ३ वेळा मोजून फरक किती पडतो तेही लिहा.

समजा सैल घनता १.४० आणि घट्ट घनता १.९५ आली. आपल्याला चंद्राच्या वरच्या थरासारखी ६५ टक्के सापेक्ष घनता हवी आहे. दोन्ही घनतांचा गुणाकार २.७३. दोन्हींतला फरक ०.५५, त्याचे ६५ टक्के ०.३५७५, ते १.९५ मधून वजा केले की १.५९२५. आता २.७३ भागिले १.५९२५ म्हणजे १.७१. पेटीत माती याच घनतेने भरायची.

इथं नवशिक्याला हमखास प्रश्न पडतो: चंद्रावर तर वरच्या थराची घनता १.५ आहे, मग आपण १.७१ का भरायची? कारण आपल्या कणांचं विशिष्ट गुरुत्व वेगळं, आकार वेगळा, आणि काचेचे पोकळ-दातेरी तुकडे आपल्याकडे नाहीत. नुसती घनता जुळवली तर आपली माती चंद्राच्या मातीपेक्षा सैल राहील. काहीजण पोकळी गुणोत्तर (कणांमधली मोकळी जागा भागिले कणांची जागा) जुळवतात. माझ्या मते ताकदीच्या चाचणीसाठी सापेक्ष घनता जुळवणं जास्त बरोबर, कारण कण एकमेकांत किती अडकलेत ते तिच्यातूनच कळतं.

शिअर बॉक्स

आपल्याकडची पेटी ६ बाय ६ सेंटिमीटरची. नमुन्याची उंची २.५ सेंटिमीटर, म्हणजे ९० घनसेंटिमीटर. १.७१ ने गुणलं की १५४ ग्रॅम. हे १५४ ग्रॅम आधीच तोलून ३ वाट्यांत सारखे करा. पेटीच्या आतल्या भिंतीवर पेन्सिलने ३ सारख्या अंतरावर खुणा करा. पहिली वाटी चमच्याने तळाशी नेऊन पसरा, वरून टाकू नका. लाकडी ठोकळ्याने हलके दाबत खुणेपर्यंत आणा. पुढचा थर टाकण्याआधी पहिल्याचा पृष्ठभाग खरवडा, नाहीतर दोन थरांमध्ये गुळगुळीत सांधा तयार होतो, आणि कर्तनाची रेषा (पेटीचे दोन भाग जिथं एकमेकांवर सरकतात ती) त्याच सांध्यात आली तर ताकद उगाचच कमी दिसते. तिसरा थर झाला की व्हर्नियरने चारही कोपऱ्यांत उंची मोजा.

ही मोजणी टाळू नये असं मी कळकळीने सांगतो. २५ ऐवजी २६ मिलिमीटर उंची राहिली तर घनता १.७१ ची १.६४ होते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सापेक्ष घनता ६४ टक्क्यांवरून (१.७१ असं गोल केल्याने ६५ ची ६४ होते) ५३ वर घसरते. एका मिलिमीटरच्या चुकीने तुम्ही वेगळ्याच मातीची चाचणी करत असता.

आता वरचा दाब. कॉलेजमध्ये आपण ५०, १००, २०० किलोपास्कलवर चाचणी करतो, कारण इमारतीच्या पायाखाली तेवढा दाब असतो. चंद्रावर गुरुत्वाकर्षण १.६२ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणून ३० सेंटिमीटर खोलीवर मातीच्या स्वतःच्या वजनाचा दाब ०.८ किलोपास्कलही नसतो. त्यामुळे ५, १० आणि २० किलोपास्कलवर काम करा. तरफ काढून टाका आणि वजनं थेट वर ठेवा. ३६ चौरस सेंटिमीटरवर ५ किलोपास्कल म्हणजे १.८३ किलो, १० म्हणजे ३.६७ आणि २० म्हणजे ७.३४ किलो. या वजनात दाबपट्टी, वरची जाळी आणि कर्तनरेषेच्या वरची निम्मी माती धरायची. ती निम्मी माती ७७ ग्रॅम असते आणि एवढ्या कमी दाबावर तिचाही फरक पडतो.

पेटीचे दोन भाग जोडणारे खिळे काढा आणि स्क्रूने वरचा भाग अगदी किंचित उचला. न उचलल्यास धातूवर धातू घासतो, जास्त उचलल्यास भुकटी फटीतून गळते. रिकामी पेटी एकदा चालवून तिचं स्वतःचं घर्षण मोजा. ते फक्त २ न्यूटन असलं तरी ३६ चौरस सेंटिमीटरवर ०.५६ किलोपास्कल होतं. चंद्रमातीची संसक्ती साधारण तेवढीच, म्हणजे हे वजा केलं नाही तर तुम्ही मातीची नव्हे, पेटीची संसक्ती छापाल. प्रुव्हिंग रिंगचाही (जोर मोजायच्या धातूच्या कडीचा) असाच त्रास. ५ किलोपास्कलवर आपल्याला सारा मिळून १८-२० न्यूटनचा जोर मोजायचा असतो आणि २ किलोन्यूटनच्या रिंगवर काटा धड हलतही नाही. २० किलोचा छोटा लोड सेल (जोर मोजणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर) लावा. ऑनलाइन तो स्वस्तात मिळतो आणि इलेक्ट्रॉनिक्सची मुलं तो एका दुपारी जोडून देतात.

यंत्र १.२५ मिलिमीटर प्रति मिनिट या गतीने चालवलं तरी चालतं, कोरड्या मातीत गतीचा फारसा फरक पडत नाही. बाजूच्या जोराबरोबरच उभ्या डायल गेजवरही लक्ष ठेवा. घट्ट भरलेल्या मातीत काटा आधी थोडा खाली जातो, मग वर चढू लागतो. कोनेदार कण एकमेकांवरून चढून जात असतात आणि जागा मोठी होत असते. त्याच सुमारास जोर शिखरावर पोचतो आणि मग उतरतो. सैल भरलेल्या मातीत ना काटा चढतो ना शिखर दिसतं. घट्ट आणि सैल असे दोन नमुने लागोपाठ चालवून हा फरक स्वतः पाहा. मातीची ताकद भरण्यावर किती अवलंबून असते हे त्या काट्याइतकं स्पष्ट दुसरं काहीच सांगत नाही.

समजा तीन दाबांवर शिखरताकद ५.२, ९.७ आणि १८.७ किलोपास्कल आली. आलेखावर तीन बिंदू जोडले तर दर किलोपास्कलमागे ०.९ चा चढ मिळतो, म्हणजे ४२ अंशांचा घर्षणकोन, आणि रेषा उभ्या अक्षाला ०.७ वर छेदते. तीच संसक्ती. तुमचे बिंदू इतके सरळ रेषेत येणार नाहीत. कमी दाबावर रेषा थोडी वाकते, घर्षणकोन जास्त येतो. ती ओढूनताणून सरळ करू नका आणि १०० किलोपास्कलच्या चाचणीतली रेषा मागे लांबवून संसक्ती काढू नका. प्रत्येक दाबावर किमान ३ नमुने घ्या, दरवेळी ताजी माती भरा. एकदा कर्तन झालेल्या मातीचे दातेरी कोपरे मोडलेले असतात.

बादलीतला शंकू

रोव्हर किंवा खणण्याच्या कामासाठी ही चाचणी फार उपयोगी आहे आणि खर्च जवळजवळ नाही. १६ मिलिमीटर व्यासाच्या लोखंडी सळीला लेथवर ३० अंशांचं टोक काढून घ्या. वीस लिटरच्या बादलीत ३४ किलोच्या आसपास माती, थर तोलून आणि खुणेपर्यंत दाबून भरा. बादली इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर ठेवून काटा शून्य करा. सळी उभ्या नळीतून सरळ खाली दाबत जा आणि दर सेंटिमीटरला काट्यावरचा आकडा वाचायला दुसऱ्याला सांगा. किलोचे न्यूटन करा, शंकूच्या पायाचं क्षेत्रफळ २ चौरस सेंटिमीटर, त्याने भागा. खोलीबरोबर विरोध किती झपाट्याने वाढतो तो चढ महत्त्वाचा.

बादलीच्या भिंतीपासून लांब, मध्यावर दाबा आणि तळाच्या ५-६ सेंटिमीटर आधी थांबा. तळ जवळ आला की विरोध खोटा वाढतो. अपोलो १५ वर डेव्हिड स्कॉट यांना ड्रिल खाली घालताना आणि लांब नळी बाहेर काढताना जो त्रास झाला, त्यात खालच्या मातीच्या या घट्टपणाचा मोठा वाटा होता. ६५ आणि ९० टक्क्यांवर भरलेल्या दोन बादल्यांत सळी दाबून पाहा, दुसऱ्या बादलीत किती जोर लागतो ते हातालाच कळेल.

मातीचा ढीग ओतून उताराचा कोन मोजणं सगळ्यात सोपं, पण तो फक्त सैल मातीचा कोन असतो. शाळेतल्या मुलांना दाखवायला चांगला, डिझाइनला पुरेसा नाही.

चाक चालवणार असाल तर

चांद्रयान ३ चा प्रज्ञान रोव्हर २६ किलोचा आणि ६ चाकांचा. चंद्रावर त्याचं वजन ४२ न्यूटन भरतं, दर चाकावर ७ न्यूटन. आपल्या हौदात एका चाकाची चाचणी करताना चाकावर ७१५ ग्रॅमचा भार ठेवला की तेवढाच दाब पडतो. चाकाचा भार असा कमी करता येतो, मातीच्या कणांचं स्वतःचं वजन मात्र पृथ्वीवरचंच राहतं. त्यामुळे चाकाखालची माती इथं थोडी जास्त पकड देते आणि रुतणं कमी दिसतं. आपल्या हौदात चढून गेलेलं चाक चंद्रावर चढेलच असं धरून चालू नका.

अहवालातली ओळ

निकाल देताना घर्षणकोन एकटा लिहू नका. वरच्या उदाहरणाची पूर्ण ओळ अशी होते: दळलेला डाइक बेसाल्ट, १ मिलिमीटरखालचा, ७५ मायक्रॉनखाली ५२ टक्के, विशिष्ट गुरुत्व २.९५, ओव्हनमध्ये वाळवलेला, चाचणीनंतरचा ओलावा ०.१ टक्क्याखाली, घनता १.७१, सापेक्ष घनता ६४ टक्के. थर दाबून भरलेला. उभा दाब ५ ते २० किलोपास्कल, पेटीचं घर्षण वजा करून. शिखर घर्षणकोन ४२ अंश, संसक्ती ०.७ किलोपास्कल, दर दाबाला ३ नमुने. डब्यावर दगडाचं ठिकाण, दळल्याची तारीख आणि शेवटचं वाळवल्याची तारीख लिहून चिकटवा, आणि पुढच्या बॅचच्या मुलांना तो डबा द्या, म्हणजे त्यांना तीच चाचणी त्याच मातीवर करून तुमचा आकडा तपासता येईल.